खापर फोडायला एक डोके

कॉलेजच्या आयुष्यावर लिहिलेले काहीही मी थोड्या आकसानेच वाचतो. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. (आमच्या घरात दहावीला अजूनही मॅट्रिकच म्हणतात.) पुढे शाळामास्तर झालो, चार-दोन कादंबऱ्या लिहिल्या, परंतु कॉलेजचा कट्टा, तिथली नाटके, तिथली प्रेमे आणि तिथली भांडणे हे सारे मी इतरांच्या तोंडून ऐकले. आपण ज्या पंगतीला बसलो नाही तिथली जिलबी नेहमीच अधिक केशरी असते. शिवाय मला कॉलेज का मिळाले नाही याची एक गोष्ट माझ्यापाशी तयार आहे. तीत एक मित्र आहे, आणि सारा दोष त्याचा आहे. ही गोष्ट मी इतक्या वेळा सांगितली आहे, की ती सुरू होताच माझी पत्नी भाजी निवडायला घेते.

गेल्या मे महिन्यात माझा भाचा सुटीला आला होता. तो पुण्यात कॉलेजात आहे. एका दुपारी त्याने आपला लॅपटॉप माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाला, "मामा, तुमच्या त्या मित्राची गोष्ट जपान्यांनी अकरा भागांत केली आहे. बघा." पोरगा थट्टेखोर आहे. मी बसलो तो त्याच्यावर उपकार करावेत म्हणून. उठलो तेव्हा रात्रीची आमटी निवून गेली होती.

त्या मालिकेतील एका पात्राविषयी आज लिहायचे आहे. पात्र दुय्यम आहे, विनोदी आहे आणि दिसायला भयंकर आहे. त्याचे नाव ओझू.

प्रथम मालिकेची ओळख करून देतो. जपानी लोक चित्रांतून ज्या हलत्या-बोलत्या कथा करतात त्यांना ॲनिमे म्हणतात, हे आता घरोघरच्या मुलांना ठाऊक आहे. ही चित्रे फक्त लहानांसाठी असतात, ही समजूत तेवढी आपल्या पिढीत शिल्लक आहे. तोमिहिको मोरिमी हे क्योतो विद्यापीठात शिकलेले कादंबरीकार. विद्यार्थिजीवनावरील त्यांच्या एका कादंबरीवरून दिग्दर्शक मासाआकी युआसा यांनी ही मालिका केली. मॅडहाऊस या चित्रसंस्थेत ती तयार झाली आणि २०१० साली एप्रिल ते जुलै या काळात जपानी दूरचित्रवाणीवर दाखवली गेली. तिकडच्या सरकारी सांस्कृतिक खात्याच्या कलामहोत्सवात ॲनिमेशनचे सर्वोच्च पारितोषिक तिला मिळाले. 'योजोहान शिन्वा ताइकेई' हे तिचे मूळ नाव; आपण त्याला 'साडेचार चटयांचे पुराण' म्हणू. बाहेरच्या जगात ती 'द तातामी गॅलक्सी' या नावाने ओळखली जाते.

साडेचार चटया म्हणजे काय, तेही सांगितले पाहिजे. जपानी घरांत जमिनीवर तातामी नावाच्या जाड चटया अंथरलेल्या असतात आणि खोलीचे माप चटयांवर मोजतात. चार चटया कडेने आणि अर्धी मधोमध, अशी साडेचारांची खोली साधारण नऊ फूट लांब आणि तितकीच रुंद भरते. चहाच्या समारंभाची परंपरागत खोलीही याच मापाची. आमचा नायक क्योतोमधील एका मोडकळीला आलेल्या वसतिगृहात अशा खोलीत राहतो. त्याला नाव नाही. तो स्वतःला 'वाताशी' म्हणतो, म्हणजे नुसते 'मी'. नायक निनावी आणि विदूषकाला मात्र नाव, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचा उपयोग होणार आहे.

कथा अशी. नायक पहिल्या वर्षाला विद्यापीठात येतो. आवारात घड्याळाचा मनोरा आहे. त्याच्यापाशी निरनिराळ्या विद्यार्थिमंडळांची माणसे नव्या पोरांच्या हातात पत्रके कोंबत असतात. जपानी विद्यापीठांत या मंडळांचे महत्त्व मोठे; मित्र मिळायचे ते तिथे, आणि प्रेम जमायचे तेही तिथेच. आमच्या 'मी'ला गुलाबी कॉलेजजीवन हवे आहे, आणि त्यात एक काळ्याभोर केसांची मुलगी हवी आहे. पहिल्या भागात तो टेनिसचे मंडळ निवडतो. दोन वर्षे जातात. टेनिस येत नाही, मुलगी मिळत नाही, मिळतो तो ओझू. दोघे मिळून इतरांची जमलेली प्रेमे मोडण्याचा उद्योग करतात. नदीकाठी मजेत बसलेल्या मंडळींवर पलीकडच्या तीरावरून शोभेच्या दारूचे बाण सोडतात. शेवटी नायक कपाळाला हात लावतो: मी दुसरे मंडळ निवडले असते तर! असे म्हणताच मनोऱ्यावरचे काटे उलटे फिरू लागतात, दोन वर्षे पुसली जातात आणि तो पुन्हा पत्रकांच्या गर्दीत उभा राहतो. दुसऱ्या भागात तो चित्रपटमंडळात जातो, तिसऱ्यात सायकलवाल्यांत, चौथ्यात हिगुची नावाच्या एका अवलिया, वर्षानुवर्षे पास न होणाऱ्या विद्यार्थ्याचा चेला होतो. पण मंडळ कोणतेही असो, तिथे ओझू असतोच. आणि दोन वर्षे वाया गेली, ती ओझूमुळेच गेली, असे नायक दर खेपेस बजावून सांगतो.

हा ओझू दिसतो कसा? चेहरा खडूसारखा पांढरा आणि उभट. डोळे चिरलेल्या फटीसारखे. तोंड कानापर्यंत फाकलेले आणि त्यात दातांची पांढरी रांग. जपानी लोककथांत योकाई नावाची भुते असतात, त्यांतलेच एखादे विद्यापीठात दाखल झाले असावे असा त्याचा एकंदर अवतार. शिकायला गेला आहे विद्युत अभियांत्रिकी, पण अभ्यासात त्याचे लक्ष नाही. भाजीपाल्याला शिवत नाही. दुसऱ्याची फजिती झाली, की त्याच्या अंगावर मूठभर मांस चढते. हिरोयुकी योशिनो या नटाने त्याला जो आवाज दिला आहे, तोही लाडिक आणि लबाड असा एकाच वेळी. मांजराने दूध प्यायल्यावर बोलावे तसा. असे पात्र पडद्यावर आले, की हसू येतेच. माझा भाचा तर तो नुसता दिसला तरी हसत होता.

आता नायकाची फिर्याद ऐकून घेऊ. तो अतिशय जलद बोलतो. खाली येणारी इंग्रजी वाक्ये मला वाचून होण्याआधीच नाहीशी होत; दर दोन मिनिटांनी भाच्याला "थांबव" म्हणावे लागे. परंतु दोन-तीन भागांनंतर माझ्या लक्षात आले, की या वेगातच एक मेख आहे. वकील जेव्हा फार घाईने बोलतो, तेव्हा त्याच्या पक्षकाराची बाजू लंगडी असते. दर भागात नायक तीच तक्रार जवळजवळ त्याच शब्दांत करतो. मूळ कादंबरीची चार प्रकरणेही अशीच चार निरनिराळी आयुष्ये आहेत, आणि त्यांतही मजकूर असाच पुनःपुन्हा येतो. परिस्थिती बदलते, मंडळ बदलते, माणसे बदलतात आणि तक्रार तेवढी बदलत नाही. तेव्हा तक्रारीचे मूळ परिस्थितीत नसून तक्रारदारात आहे, हे प्रेक्षकाला नायकाच्या फार आधी कळते. आपण हसतो ते या अंतरामुळे.

जपानात दोघांनी मिळून करायचा मान्झाई नावाचा एक विनोदी प्रकार आहे. त्यात एकजण वेडगळ बोलतो, त्याला 'बोके' म्हणतात. दुसरा त्याला टपली मारून ताळ्यावर आणतो, तो 'त्सुक्कोमी'. या मालिकेची पटकथा लिहिणारे माकोतो उएदा हे क्योतोमधील 'युरोप किकाकु' या विनोदी नाटकमंडळीचे नाटककार. त्यांना हा खेळ पाठ असणार. वरवर पाहता ओझू बोके आणि नायक त्याला झापणारा शहाणा. पण भाग पुढे सरकतात तशी बाजू उलटते. शहाणा समजून बडबडणारा नायकच खरा बोके आहे. आणि ओझू नुसता उभा राहतो, तेवढीच त्याला टपली पुरते.

आपल्या रंगभूमीलाही या जोडीची ओळख जुनी आहे. संस्कृत नाटकातला विदूषक म्हणजे खादाड, कुरूप आणि राजाचा जिवलग. 'शाकुंतला'तील माधव्याचे उदाहरण घ्या. किर्लोस्करांनी १८८० साली ते नाटक मराठी रंगभूमीवर आणल्यापासून आपल्या पणजोबांनीही त्याला पाहिले आहे. दुष्यंत त्याला शकुंतलेची गोष्ट सांगतो, आणि मग ती सारी थट्टा होती असे म्हणून घरी पाठवून देतो. पुढे दरबारात शकुंतला येऊन उभी राहते तेव्हा राजाला आठवण देईल असा एकच माणूस होता, आणि नेमका तोच तिथे नसतो. विदूषक जवळ नसला म्हणजे नायकाची स्मृती जाते, असा याचा एक अर्थ मला नेहमी वाटत आला आहे. 'मृच्छकटिका'तील मैत्रेय याच्याही पुढचा. तो चारुदत्तावर जीव टाकतो, आणि न्यायालयात भांडताना त्याच्याच काखेतून दागिने खाली पडतात. त्या दागिन्यांनी मित्र सुळाच्या वाटेला लागतो. प्रेम मनापासूनचे, परिणाम घातकी.

मराठीत मात्र ओझूच्या सर्वांत जवळचा म्हणून माझ्या डोळ्यांपुढे उभा राहतो तो तळीराम. 'एकच प्याला' १९१९ साली रंगभूमीवर आले, आणि तेव्हापासून सुधाकराच्या नाशाचे नाव निघाले की तळीरामाचेही निघते. तो आला, की प्रेक्षागृह हसते. आणि खरे सांगायचे तर सुधाकराला प्याला तळीरामाने दाखवला असेल, उचलला तो सुधाकराने. गडकऱ्यांना हे पुरते ठाऊक होते. आपण प्रेक्षक मात्र घरी जाताना सारे पाप तळीरामाच्या पदरात बांधून मोकळे होतो. माणसाला आपल्या चुकांसाठी एक सोयीचा चेहरा लागतो, आणि तो चेहरा जितका हास्यास्पद तितका बरा; कारण ज्याला आपण हसतो, त्याची बाजू आपण विचारीत नाही.

तळीराम आणि ओझू यांत एक मोठा फरक आहे, आणि मोरिमी-युआसांची कथा आपली वेगळी वाट धरते ती इथे. सुधाकराचे आयुष्य खरोखर मातीला मिळते. ओझूच्या नायकाचे काय बिघडते? काहीही नाही. दोन वर्षांत त्याला एक मित्र मिळाला, चार उचापती झाल्या, रात्री गाडीवरचे रामेन खाल्ले, आकाशी नावाच्या सरळ आणि कणखर मुलीशी ओळख झाली. तिचे एक हरवलेले चिमुकले कापडी अस्वल त्याच्याच खोलीत टांगलेले आहे. ते नेऊन तिच्या हाती द्यायचे एवढेच काम बाकी. दर भागात रस्त्याकडेला एक म्हातारी ज्योतिषीण भेटते. संधी तुझ्या डोळ्यांसमोर लोंबकळते आहे, ती पकड, एवढेच ती सांगते. आणि दर भागात आपली दक्षिणा एक हजार येनने वाढवते. सल्ला तोच, भाव मात्र चढा. उशीर करणाऱ्याला शहाणपण महाग पडते, हे इतक्या हसऱ्या रीतीने सांगितलेले मी दुसरीकडे पाहिले नाही.

आणि ओझू? नवव्या भागापर्यंत आपण त्याला नायकाच्या डोळ्यांनी पाहिलेले असते. मग हळूहळू त्याचा हिशेब उलगडू लागतो. जी मंडळे नायकाने एकेका आयुष्यात एकेक करून निवडली, त्या सगळ्यांत ओझू एकाच वेळी होता. तो हिगुचीचा चेला होता, चित्रपटमंडळात होता, गुप्त संघटनेत होता; रात्रीचा दिवस करून तो साऱ्या शहरभर धावत होता. गुरूची सेवा, खोड्या, कारस्थाने, भांडणे यांपैकी काहीही त्याने वगळले नाही. आणि या सगळ्या चिखलात त्याने एक गोष्ट जिवापाड जपली: कोहिनाता नावाच्या एका मुलीवरचे आपले प्रेम. त्याचा उच्चारही तो करीत नाही. ज्याला आपण अर्धा अकरावा भाग येईपर्यंत भूत समजत होतो, तो लाजाळू निघतो!

माझ्या मते साऱ्या मालिकेतील मर्माची जागा ही आहे. जे गुलाबी कॉलेजजीवन नायक मंडळामागून मंडळ बदलून शोधत होता, ते त्याच्या डोळ्यांदेखत एकजण जगत होता. आणि त्यालाच तो आपल्या आयुष्याचा मारेकरी म्हणत होता. ओझूने गुलाबी रंग शोधला नाही. हाताला लागेल त्या रंगात त्याने हात बुडवले.

दहाव्या भागात नायक निर्वाणीचा उपाय करतो. सगळी मंडळे वाईट, तर कोणतेच नको. तो खोलीत बसून राहतो. या आयुष्यात ओझूशी त्याची ओळखच होत नाही. घ्या, शत्रू गेला! आता सुख यायला हवे. एके दिवशी तो दार उघडतो, तर पलीकडे हुबेहूब तीच खोली. तिचे दार उघडतो, पुन्हा तीच खोली. खिडकीपलीकडे तीच, भिंत फोडली तरी तीच. साडेचार चटयांचे अंतहीन जग, आणि त्यात एकटा माणूस. इथे चित्रकारांनी रंगवलेल्या खोलीऐवजी खऱ्या खोलीची छायाचित्रे वापरली आहेत. त्यामुळे मघापर्यंत थट्टेचा वाटणारा प्रसंग एकाएकी अंगावर येतो. तो महिनोन्महिने चालतो, दाढी वाढते, प्रत्येक खोलीत सापडणारा तोच केक खातो. त्या खोल्या म्हणजे त्याने न जगलेली, किंवा जगून नाकारलेली आयुष्ये आहेत. प्रत्येकीत एखादी खूण पडलेली आहे, आणि जवळजवळ प्रत्येक खुणेवर ओझूची सावली आहे. ज्या एकाच आयुष्यात विदूषक नाही, ते आयुष्य म्हणजे हा तुरुंग. दुष्यंताच्या दरबारात माधव्य नव्हता, ते आठवते ना?

अखेर तो सुटतो तेव्हा पतंगांचा लोंढा खोलीबाहेर पडतो आणि त्याच्याबरोबर हाही, उघडानागडा, दाढी वाढलेला. कामो नदीच्या मोठ्या पुलावर फसवल्या गेलेल्या साऱ्या मंडळांनी ओझूला घेरलेले आहे. ज्याच्याशी या आयुष्यात एक शब्दही बोलणे झालेले नाही, त्याच्या नावाने हाका मारीत नायक धावतो. ओझू नदीत पडतो, पाय मोडून घेतो. पुढचा प्रसंग इस्पितळातला. आणि तिथे आपल्याला दिसते, की पलंगावर एक साधा, जरा भित्रा, तुमच्या-आमच्यासारख्या चेहऱ्याचा मुलगा पडला आहे. हाच ओझू! आणि त्याच्या उशाशी बसून हसणाऱ्या नायकाच्या तोंडावर आता ते फाकलेले, दातांचे, भुताचे हसू आहे. पूर्वी ओझू आपल्या उपद्व्यापांना प्रेम म्हणत असे आणि नायक ते झिडकारीत असे. आता नायक प्रेम म्हणतो आणि झिडकारण्याची पाळी ओझूवर येते.

कादंबरीत हा पालट संवादांनी साधलेला आहे. चित्रमालिकेला एक साधन अधिक होते, आणि युआसांनी ते अकरा भाग मुठीत दाबून ठेवले. चित्रातला चेहरा हा कोणीतरी काढलेला असतो, एवढी साधी ही गोष्ट. ओझूचा चेहरा इतके दिवस काढत होता नायक. आपण ज्याला व्यंगचित्र म्हणून हसलो, ते एका कातावलेल्या माणसाने आपल्या मित्राचे काढलेले चित्र होते. म्हणूनच नायकाला नाव नाही. त्या जागी पाहणाऱ्याने आपले नाव घालायचे आहे.

मालिका निर्दोष आहे असे मात्र नाही. सहा ते आठ या भागांत नायक तीन बाजूंच्या ओढाताणीत सापडतो. ती कल्पना चमकदार असली तरी लांबते, आणि तेथील थट्टा सगळ्या घराने एकत्र बसून पाहण्याजोगी नाही. आकाशी ही सर्वांत समंजस मुलगी. पण तिला स्वतःला काय हवे आहे याची चौकशी कथाकाराने पुरेशी केलेली नाही. ती दोरीला लोंबणाऱ्या संधीसारखी वाट पाहत राहते. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ओझू मित्र निघाला, म्हणून नदीकाठच्या लोकांवर सोडलेले बाण फुलबाज्या ठरत नाहीत. वर्गात जो मुलगा दुसऱ्याची वही फाडतो तोही 'गंमत केली' असेच म्हणतो, आणि शिक्षकाला ते चालवून घेता येत नाही. युआसांनी ओझूला पाय मोडून पुलाखाली पाडले, याने हा हिशेब थोडासा चुकता होतो. पूर्ण होत नाही. पण मला वाटते, मालिकेचा दावाही तेवढा मोठा नाही. ओझू निर्दोष आहे असे ती म्हणत नाही. नायकाने त्याच्या नावावर मांडलेला दोष त्याचा नव्हता, एवढेच ती म्हणते. माणसाचे दोष त्याच्या पदरी घालावेत. आपलेही त्यातच सरकवू नयेत.

प्रेक्षकांनी ओझूला सोडले नाही, हेही नमूद केले पाहिजे. २०२२ साली याच मंडळींची आणखी एक कथा ॲनिमेच्या रूपाने आली, दिग्दर्शक मात्र दुसरे होते. त्यात वसतिगृहातल्या एकुलत्या एक वातानुकूलन यंत्राच्या रिमोटवर कोला सांडून ऐन उन्हाळ्यात सर्वांना घामाघूम करण्याचा पराक्रम ओझूचाच. चेहरा पुन्हा भुताचा! नायक पुन्हा जुन्या चष्म्यातून पाहू लागला म्हणायचा. हे मला खरे वाटले. एकदा उमजले म्हणजे कायमचे उमजले, असे फक्त गोष्टींत होते.

आता ती माझी गोष्ट. भाच्याने थट्टा केली होती, तेव्हा तिचे उत्तर द्यायलाच हवे.

मॅट्रिक पास झालो त्या पावसाळ्यात तालुक्याच्या कॉलेजात अर्ज देण्याचा शेवटचा दिवस होता. सकाळच्या एस.टी.ने जायचे होते. स्टँडवर माझा मित्र भेटला. नदीला पूर आला आहे, पूल बुडाला आहे, बघायला चल, म्हणाला. आम्ही पूर बघत बसलो. एस.टी. गेली, दिवस गेला, कॉलेज गेले. गेली पंचवीस-तीस वर्षे ही गोष्ट मी अशीच सांगतो, आणि माझ्या गोष्टीत त्या मित्राचे दात जरा अधिकच बाहेर आलेले असतात.

अकरावा भाग संपल्यावर त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण या गोष्टीत मी एक तपशील कधीच सांगितलेला नाही. माझ्या खिशातला अर्ज कोरा होता. आदल्या रात्री वडिलांनी फीचे पैसे जमत नाहीत असे सांगितले होते. एका मास्तरांनी अर्धी फी भरण्याची तयारी दाखवली होती. त्यांच्याकडे जाऊन हात पसरण्याची मला लाज वाटली. तालुक्याच्या मुलांत आपला निभाव लागेल की नाही याची भीतीही होती, आणि ती लाजेपेक्षा मोठी होती. मी स्टँडवर उभा होतो तो एस.टी.ची वाट बघत नव्हतो. ती चुकवायला काहीतरी निमित्त मिळते का, ते बघत होतो.

माझा तो मित्र गावातच सायकलींचे दुकान चालवतो. दर दिवाळीला पाडव्याच्या दिवशी आमच्याकडे फराळाला येतो, चकल्यांचा डबा पुढ्यात ओढतो आणि माझ्या पत्नीला म्हणतो, "वहिनी, तुमच्या ह्यांना प्रोफेसर होऊ दिलं नाही तो मीच बरं का." सगळे हसतात. मीही हसतो, थोडा वरच्या पट्टीत. त्या दिवशी पुराच्या काठावर, कागद भिजेल म्हणून त्यानेच तो अर्ज माझ्या खिशातून काढून आपल्या टोपीत ठेवला होता. ठेवण्याआधी त्याने तो उघडून पाहिला होता. त्यावर काही लिहिलेले नव्हते, हे त्याला त्या दिवसापासून ठाऊक आहे.

पाडव्याला तो येईल. तो ते वाक्य म्हणेल, आणि सारे हसतील. या खेपेस त्याच्याआधी ती गोष्ट मी सांगणार आहे, अर्जासकट. पत्नीला तेवढे सांगून ठेवले आहे, की त्या वेळी भाजी निवडायला घेऊ नकोस.